स्टॅन्ली स्पेन्सरच्या चित्रांत श्रद्धा नेमकी कुठे शोधायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘स्टॅन्ली स्पेन्सर हा विसाव्या शतकातला ब्रिटनमधला मोठा ख्रिस्ती चित्रकार, असं वाचलं. चित्रं मोबाइलवर पाहिली. माणसं फुगीर आणि बेढब वाटली, कपडे घोंगड्यासारखे. तेजोवलय नाही, आकाशातून येणारा प्रकाश नाही. शिवाय त्याने बायकोला सोडलं आणि नग्नचित्रंही काढली. मग या चित्रांत श्रद्धा कुठे आहे? आणि जो ख्रिस्ती नाही, त्याने ही चित्रं पाहायची कशी?’

मी चित्रकार आहे आणि अठ्ठावीस वर्षं मुलांना कॉम्पोझिशन शिकवली. नगरच्या मराठी ख्रिस्ती घरात वाढलो, त्यामुळे शास्त्रातल्या गोष्टी लहानपणापासून कानावर होत्या. तरी छापील पुस्तकात पहिल्यांदा स्पेन्सर पाहिला तेव्हा माझीही प्रतिक्रिया तुमच्यासारखीच होती. आमच्या घरात भिंतीवर जो येशू होता तो निळ्या डोळ्यांचा, मऊ केसांचा, छातीवर हात ठेवलेला. त्याच्यापुढे स्पेन्सरचा येशू म्हणजे हमालीहून आलेला माणूस वाटला. पुढे मूळ चित्रं पाहिली, काही भागांच्या नकला केल्या, आणि तेव्हा कळलं की मी चुकीच्या जागी शोधत होतो. स्पेन्सरची श्रद्धा विषयात शोधायला गेलात तर अर्धीच सापडेल. ती त्याच्या काम करण्याच्या रीतीत आहे. दगडी फरशी, पावावरचा जॅम, बुटाची नाडी, येशूचा चेहरा, या सगळ्यांना तो सारखाच वेळ देतो. कुठलीच गोष्ट त्याला ‘बॅकग्राउंड’ वाटत नाही.

हे कुठून आलं, ते त्याच्या गावापासून सांगतो.

कुकम हे लंडनच्या पश्चिमेला, बर्कशरमध्ये, थेम्सच्या काठावरचं गाव. स्पेन्सरचा जन्म तिथलाच, ३० जून १८९१ चा. वडील पियानो शिकवायचे आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. घर मुलांनी भरलेलं. वडील मोठ्याने शास्त्र वाचून दाखवत. आई वेस्लियन, म्हणजे मेथडिस्ट पंथाच्या चॅपेलमध्ये जाणारी, तर वडिलांचं गावातल्या अँग्लिकन चर्चमध्ये येणं-जाणं. शाळा जवळजवळ नाहीच. मोठ्या बहिणींनी घराशेजारच्या एका खोलीत शिकवलं तेवढंच. तर या मुलाने आब्राहाम, जखऱ्या, अलिशिबा, मरिया यांच्या गोष्टी ऐकल्या आणि त्या घडायला त्याच्याकडे जागा एकच होती, ती म्हणजे स्वतःची गल्ली. भिंतीपलीकडच्या बागेत कोण चालतंय हे दिसायचं नाही, नुसते आवाज यायचे. पवित्र माणसं तिकडेच राहत असणार, असं त्याला वाटायचं. ते पुढे आयुष्यभर वाटत राहिलं. कुकमला तो स्वर्गातलं खेडं म्हणायचा, आणि ते तो उपमा म्हणून म्हणत नव्हता.

१९०८ ते १९१२ तो लंडनच्या स्लेड कलाशाळेत शिकला. हेन्री टाँक्स यांच्यासारखे ड्रॉइंगच्या बाबतीत अतिशय कडक मास्तर. रोज सकाळी गाडीने लंडन, संध्याकाळी परत घरी. वर्गमित्रांनी त्याचं नावच ‘कुकम’ ठेवलं. त्या काळात लंडनमध्ये सेझान, मातीस, पिकासो या नव्या चित्रकारांची चित्रं येऊन पोचली होती, आणि १९१२ च्या दुसऱ्या पोस्ट-इम्प्रेशनिस्ट प्रदर्शनात स्पेन्सरचंही चित्र होतं. तेव्हा तो गावंढळ, जगापासून तुटलेला चित्रकार होता, असं समजू नका. आधुनिक काय चाललंय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण त्याचं मन बसलं होतं जोत्तोवर, चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला पाड्युआच्या चॅपेलमध्ये भित्तिचित्रं काढणाऱ्या इटालियन चित्रकारावर.

तुमच्या ‘बेढब’ या शब्दाचं उत्तर इथेच आहे. जोत्तोची माणसं पाहा. अंगावर एकसलग वस्त्र, आत वजनदार देह, घड्या मोजक्या. तो स्नायू मोजत बसत नाही, शरीराचा एक गठ्ठा करतो आणि त्या गठ्ठ्याची हालचाल दाखवतो. कुणी वाकलंय, कुणी कुणाला मिठी मारलीय, ते लांबूनही एका नजरेत कळतं. स्पेन्सरने ते उचललं. त्याला शरीररचना येत नव्हती असं नाही. १९१४ चं त्याचं आत्मचित्र लंडनच्या टेट या कलासंग्रहालयात आहे, ते पाहा. तेविशीच्या आसपासच्या पोराने मान आणि जबडा ज्या ताकदीने बांधलाय, ते पाहून शंका राहत नाही. ज्याला हे येतं तो जेव्हा माणसाला गाठोड्यासारखा गोल करतो, तेव्हा ते ठरवून केलेलं असतं. दुसरी गोष्ट त्याच्या क्षितिजाची. तो क्षितिज खूप वर नेतो किंवा काढूनच टाकतो, त्यामुळे जमीन ताटासारखी आपल्याकडे कलते आणि तिच्यावरचं सगळं दिसू लागतं. लांबचा माणूस धूसर होत नाही, त्याचीही बटणं दिसतात.

एक चित्र जवळून पाहू. ‘ख्राइस्ट कॅरिंग द क्रॉस’, १९२०, टेटच्या संग्रहात. ढोबळ नजरेला दिसतं ते एक घर. ते स्पेन्सरचं स्वतःचं घर, फर्नली. खिडक्या उघड्या, प्रत्येक खिडकीतून माणसं बाहेर झुकलेली, आणि वाऱ्याने पडदे दोन्ही बाजूंना असे उडालेत की त्या माणसांना पंख फुटल्यासारखे वाटतात. देवदूत दिसत नाहीत म्हणालात ना? ते हे. खाली रस्त्यावर लोकांची गर्दी, आणि त्या गर्दीत, चित्राच्या मध्यावर पण लहानसा, क्रूस घेतलेला येशू. त्याच्यामागे खांद्यावर शिड्या घेतलेले कारागीर. गावातल्या बांधकामवाल्याची माणसं शिड्या घेऊन रस्त्याने जायची, ती त्याने रोज पाहिलेली. क्रूस आणि शिडी ही दोन्ही लाकडं एकाच पद्धतीने खांद्यावर बसली आहेत. या चित्राच्या नावाबद्दल स्पेन्सरचा आग्रह होता. दुःखाचा भार ‘वाहणं’ असा सूर असलेला शब्द त्याला नको होता. त्याला साधा ‘उचलून नेणं’ हवा होता, म्हणजे जसं सुतार लाकूड नेतो तसं. एवढ्या एका शब्दात त्याची सगळी दृष्टी येते. येशू एक काम करतोय. ते काम जगातलं सर्वांत मोठं आहे, पण करण्याची रीत तीच, गल्लीतून शिडी नेण्याची.

त्याच वर्षीचं ‘लास्ट सपर’ही पाहून घ्या. जागा कुकममधल्या माल्टहाउसची, म्हणजे बीअरसाठी धान्य तयार करायच्या गोदामाची, लाल विटांची. टेबलाखाली शिष्यांचे पाय दोन्ही बाजूंनी लांब पसरलेले, घोट्यात घोटा अडकवलेले, पायांची रांगच्या रांग. शास्त्र माहीत असलेल्याला लगेच आठवतं की त्या रात्री येशूने शिष्यांचे पाय धुतले. माहीत नसलेल्यालाही एवढं दिसतंच की हे दिवसभर चालून दमलेल्या माणसांचे पाय आहेत.

आता युद्ध. स्पेन्सरच्या श्रद्धेला वळण मिळालं ते इथे, म्हणून जरा थांबून लिहितो.

१९१५ मध्ये तो सैन्याच्या वैद्यकीय दलात भरती झाला आणि ब्रिस्टलच्या बोफर्ट वॉर हॉस्पिटलमध्ये ऑर्डर्ली, म्हणजे वॉर्डातला मदतनीस म्हणून लागला. ती इमारत मुळात मनोरुग्णांसाठीची. युद्धासाठी तिचं लष्करी इस्पितळ केलेलं. काम काय, तर फरशी घासणं, आंघोळीचे टब धुणं, चहाच्या मोठ्या पिंपांत चहा भरणं, मळके कपडे वेगळे करणं, पाव कापणं, सिस्टरची बोलणी खाणं. ‘स्वान अपिंग’ हे थेम्सवरच्या हंसांचं चित्र अर्धवट सोडून आलेला हा पोरगा. हात शिवशिवत असणार आणि हातात फडकं.

तिथे त्याला डेस्मंड च्यूट नावाचा तरुण कॅथलिक मित्र भेटला. त्याच्यामुळे स्पेन्सरने संत ऑगस्टीनची ‘कन्फेशन्स’ वाचली. तिच्या सुरुवातीला देवाचं वर्णन येतं, की तो सतत कामात आहे आणि तरी सतत विश्रांतीत, तो गोळा करतो, भरतो, सांभाळतो, पोसतो. स्पेन्सरला ते वाचून एकदम उलगडलं. भरणं, गोळा करणं, सांभाळणं, हेच तर मी दिवसभर करतोय! म्हणजे देव जे करतो तेच मी या कॉरिडॉरमध्ये करतोय. तिथून पुढे बादली उचलणं ही त्याच्यासाठी एक प्रकारची उपासना झाली. यात भाबडेपणा वाटत असेल तर थांबा. नंतर तो मॅसिडोनियाच्या आघाडीवर गेला, आधी फील्ड अँब्युलन्समध्ये, मग स्वतःहून पायदळात. जखमी आणि मेलेले त्याने जवळून पाहिले. त्याचा भाऊ सिडनी १९१८ मध्ये, युद्ध संपायला थोडेच आठवडे उरले असताना मारला गेला. परतल्यावर ‘स्वान अपिंग’ त्याने पूर्ण केलं, पण पहिल्यासारखं आता जमत नाही, हे त्याला आतून कळत होतं.

या सगळ्याचं चित्र झालं ते बरीच वर्षं उलटल्यावर, हॅम्पशरमधल्या बर्गक्लेअर गावी. मेरी आणि लुई बेरंड या दांपत्याने त्याच्यासाठी एक चॅपेल बांधलं. मेरीचा भाऊ हेन्री सँडम मॅसिडोनियाच्या मोहिमेत जडलेल्या आजाराने वारला होता, त्याच्या स्मरणार्थ. वास्तुरचनाकार लायनेल पिअरसन. चित्रकाराच्या मनातल्या चित्रांच्या मापाने इमारत उभी राहिली, हे भाग्य किती जणांच्या वाट्याला येतं! १९२७ ते १९३२ तो तिथे खपत होता. एकूण एकोणीस चित्रं. आज चॅपेल नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे.

मी गेलो तो ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. न्यूबरीला गाडीने उतरलो, पुढे टॅक्सी. बाहेरून लाल विटांची साधी पेटी, दोन्ही बाजूंना निराधार वृद्धांसाठी बांधलेली छोटी घरं. आत विजेचा दिवा नव्हता. दिवस ढगाळ होता, त्यामुळे पहिली दोन मिनिटं करडं-तपकिरी धुकं सोडून काही दिसेना. मग डोळे सरावले आणि एकेक चौकट वर येऊ लागली. दोन्ही भिंतींवर चार-चार कमानदार चित्रं, प्रत्येक कमानीखाली एक आडवी चौकट, त्यांच्याही वर दोन्ही बाजूंना छतापर्यंत गेलेली सैन्यतळाची दृश्यं. युद्धाचं स्मारक आहे ना, म्हणून मी लढाई शोधत होतो. एकही बंदूक झाडली जात नाही. कुणी कुणाला मारत नाही. खालच्या आठही चौकटींत इस्पितळातली कामं आहेत. एका चौकटीत फरशी घासणारा एक जण ओल्या फरशीवर जवळजवळ पालथा पडला आहे, आणि बाकीचे पावाचे ट्रे घेऊन त्याच्या बाजूने निघालेत. तो युद्धाच्या धक्क्याने बधिर झालेला रुग्ण आहे; घासणं एवढंच त्याच्या हातात उरलं आहे. दुसरीकडे वॉर्डमध्ये चहा चाललाय, पाव आणि जॅम. तिसरीकडे आंघोळीच्या गडद जांभळट टबांच्या मधल्या फटीत एक ऑर्डर्ली गुडघ्यांवर बसून लॉकर धुतोय. तो स्पेन्सर. ती फट म्हणजे त्या इस्पितळात त्याला मिळालेला एकांत होता.

वरच्या कमानींपैकी ‘मॅप रीडिंग’मध्ये एक अधिकारी घोड्यावर बसून नकाशा पाहतोय. त्या नकाशाचा मोठा पांढरा कागद चित्राच्या मधोमध. सैनिकांचं त्याच्याकडे लक्षच नाही. ते उताराच्या कडेला लोळून झुडपांतली फळं खातायत. ‘फिलिंग वॉटर बॉटल्स’मध्ये पाण्याच्या झऱ्यावर सैनिक ओणवे झालेत आणि त्यांचे रेनकोट पाठीवरून असे उलगडलेत की पुन्हा तेच, पंख.

आणि समोरची पूर्ण भिंत, ‘द रेझरेक्शन ऑफ द सोल्जर्स’, म्हणजे सैनिकांचं पुनरुत्थान. या एका चित्राला त्याने जवळजवळ वर्ष दिलं. कल्पना अशी की सैन्यातून सुटी होताना जसा सैनिक आपली बंदूक आणि सामान जमा करतो, तसे हे मेलेले सैनिक कबरीतून उठून आपापला पांढरा क्रूस जमा करतायत. क्रूसांचा ढीगच्या ढीग, सरपणासारखा. मध्यभागी दोन खेचरं, मान वळवून मागे पाहणारी. ती सुद्धा उठली आहेत. कुणी शेजाऱ्याशी हात मिळवतोय, कुणी पायाला गुंडाळलेली पट्टी सोडवतोय. येशू कुठे आहे? तो वर, बराच मागे, पांढऱ्या कपड्यात बसलेला. एखाद्या कारकुनाइतका लहान. हातात क्रूस घेतो आणि पुढचा घेतो. मला शोधायला वेळ लागला, हे प्रामाणिकपणे सांगतो. सापडला तेव्हा मी खालच्या बाकावर बसलो आणि बराच वेळ उठलो नाही. भावाला गमावलेल्या माणसाने हे काढलंय, एवढंच मनात होतं.

बर्गक्लेअरच्या आधीचं त्याचं सर्वांत प्रसिद्ध चित्र ‘द रेझरेक्शन, कुकम’, १९२४ ते १९२७. नऊ फूट उंच, अठरा फूट रुंद. टेटमध्ये. मोबाइलच्या पडद्यावर ते पाहणं म्हणजे वाटीत समुद्र. निदान टेटच्या संकेतस्थळावर जाऊन कॉम्प्युटरवर भाग-भाग मोठा करून पाहा. कुकमच्या होली ट्रिनिटी चर्चचं आवार. मे महिन्यातलं वाटावं असं हिरवं गवत, रानफुलं. कबरी उघडतायत, पण कुठेही भीती नाही, शिंग फुंकणारा देवदूत नाही, डावी-उजवी बाजू करून पापी-पुण्यवानांची निवड नाही. लोक रविवारी सकाळी उशिरा जागे होतात तसे उठतायत. एक बाई नवऱ्याच्या कोटावरची माती झटकतेय. कुणी आपल्याच थडग्याच्या दगडावर हात टेकून उभा आहे. चर्चच्या दारातल्या कमानीत, पांढऱ्या फुलांच्या वेलीखाली, येशू बसलाय, कुशीत लहान मुलं. स्पेन्सरची बायको हिल्डा चित्रात एकाहून जास्त ठिकाणी आहे. एका आयव्हीची वेल चढलेल्या थडग्यात ती निवांत आडवी आहे, दुसरीकडे फूल हुंगतेय. स्वतः स्पेन्सर मध्याजवळ उघडाच उभा आहे. डाव्या वरच्या कोपऱ्यात थेम्सवर सहलीची बोट. उठलेली माणसं तिने स्वर्गाला जाणार.

ख्रिस्ती चित्रपरंपरेत शेवटच्या दिवसाचं चित्र शतकानुशतकं निवाड्याचं चित्र होतं. स्पेन्सरने निवाडा काढून टाकला आणि उठणं ठेवलं. हे धर्मशास्त्राला धरून आहे का, यावर वाद घालता येईल. माझ्या एका पाळक मित्राला ते अजिबात पटत नाही. पापाची जाणीवच नसेल तर तारण कशापासून, असं तो विचारतो. त्याचा मुद्दा खोटा नाही. पण मला वाटतं स्पेन्सरला तारण म्हणजे हरवलेली गोष्ट परत हातात येणं, एवढंच समजत होतं, आणि जे समजत होतं ते त्याने पूर्ण ताकदीने काढलं.

आता तुमच्या प्रश्नातला अवघड भाग. हिल्डा कार्लाइन स्वतः उत्तम चित्रकार होती. १९२५ मध्ये त्यांचं लग्न झालं, दोन मुली झाल्या. पुढे स्पेन्सर पॅट्रिशिया प्रीस हिच्यात गुंतला. १९३७ मध्ये घटस्फोट झाला आणि आठवड्याच्या आत त्याने प्रीसशी लग्न केलं. ते लग्न नावालाच होतं. प्रीस आपल्या मैत्रिणीबरोबर, डोरोथी हेपवर्थबरोबर राहत राहिली, आणि स्पेन्सरने आपलं घरही प्रीसच्या नावावर करून दिलं. हिल्डाची प्रकृती ढासळली, मनाने ती खचली, १९५० मध्ये वारली. तिची स्वतःची चित्रकला संसारात आणि या मनस्तापात मागे पडली. मी वर्गात हे नेहमी सांगतो, कारण मोठ्या चित्रकारांच्या बायकांनी काय गमावलं याचा हिशेब पुस्तकांत क्वचित येतो. स्पेन्सर तिला आयुष्यभर पत्रं लिहीत राहिला, ती गेल्यावरही. तिने पुन्हा आपल्याशी लग्न करावं असं तो म्हणत होता. यातून तो निर्दोष ठरत नाही.

नग्नचित्रांचं मात्र वेगळं आहे. शरीराचं प्रेम आणि देवाचं प्रेम यांत भिंत घालणं त्याला मान्यच नव्हतं. तो दोन्ही एकाच देवळात ठेवू पाहत होता, आणि तेही शब्दशः: बर्गक्लेअरनंतर ‘चर्च हाउस’ नावाची एक इमारत त्याच्या मनात होती, कुकमची मुख्य गल्ली हाच तिचा गाभा, आणि तिच्या कोनाड्यांत लग्न, प्रेम, संत, शेजारी सगळे. ती कधीच बांधली गेली नाही. तिच्यासाठीची चित्रं सुटी सुटी जगभर विखुरली, म्हणून ती आज विचित्र वाटतात. भिंतीतून काढलेली वीट विचित्रच दिसते. १९३५ मध्ये रॉयल अकॅडमीने, म्हणजे लंडनच्या मानाच्या कलासंस्थेने, त्याची दोन चित्रं नाकारली, त्यांतलं एक ‘सेंट फ्रान्सिस अँड द बर्ड्स’. त्यातला संत म्हणजे ड्रेसिंग गाउनमधले त्याचे म्हातारे वडील, भोवती कोंबड्या-बदकं. स्पेन्सरने अकॅडमीचा राजीनामा दिला. १९५० मध्ये तो परत गेला. माझं मत विचाराल तर १९३० च्या दशकातल्या काही चित्रांत त्याची आकृती खरोखरच सुजते, जोत्तोचं वजन जातं आणि नुसता फुगा उरतो. तुम्हाला बेढब वाटली ती चित्रं यांपैकी असतील तर तुमचा डोळा चुकलेला नाही.

पण त्याच पडझडीतून एक मालिका आली, जी मला त्याच्या सगळ्या कामात जवळची आहे. १९३८ च्या अखेरीस, दोन्ही संसार मोडलेले, खिशात पैसा नाही, लंडनमधल्या अडलेड रोडवर एका भाड्याच्या खोलीत तो एकटा राहत होता. तिथे त्याने ‘ख्राइस्ट इन द विल्डरनेस’ सुरू केली. येशूचे अरण्यातले चाळीस दिवस, म्हणून चाळीस चित्रं करायची होती. आठच पूर्ण झाली. प्रत्येक चित्र चौरस, साधारण छप्पन सेंटिमीटर बाजूचं. ती आता ऑस्ट्रेलियात पर्थच्या संग्रहालयात आहेत. या चित्रांत फक्त एक मोठ्या अंगाचा, दाढीवाला, पांढऱ्या झग्यातला माणूस आणि जमीन. ‘खोकडांना बिळे आहेत’ या वचनाचं एक चित्र. कोंबडी आपली पिल्लं पंखाखाली घेते, त्याचं एक. त्यात येशू आडवा झालाय आणि त्याच्या अंगाच्या वळणात कोंबडी आणि पिल्लं सुखरूप आहेत. एकात तो तळहातावर विंचू घेऊन त्याच्याकडे टक लावून पाहतोय. विंचू आणि तो, दोघंही त्या उजाड जागेत एकटे.

आणि ‘कन्सिडर द लिलीज’. आमच्या मराठी शास्त्रात तिथे ‘रानातील भूकमळे’ आहे. लहानपणी मला ती भूकमळे म्हणजे काय हे कधी कळलं नाही. आजीला विचारलं तर तिलाही सांगता येईना. स्पेन्सरने कुठलं दुर्मीळ फूल शोधलं नाही. त्याने इंग्लंडच्या कुठल्याही गवतात उगवणारी डेझी काढली. येशू दोन्ही हात आणि गुडघे जमिनीवर टेकून, रांगणाऱ्या बाळासारखा, त्या फुलांकडे पाहतोय. एवढा मोठा देह आणि एवढी लहान फुलं. ‘विचार करा’ असं सांगणारा स्वतः आधी ओणवा होऊन पाहतो.

ख्रिस्ती नसलेल्याने कसं पाहायचं, याचं माझं उत्तर या चित्रातूनच येतं. आधी गोष्ट वाचायची गरज नाही. माणूस काय करतोय ते पाहा. त्याचे हात कुठे आहेत, वजन कशावर आहे, नजर कुठे आहे. स्पेन्सरची जवळजवळ सगळी धार्मिक चित्रं एखाद्या क्रियापदावर उभी आहेत: उचलणं, धुणं, भरणं, झटकणं, वाकून पाहणं. ते क्रियापद पकडलंत की मग शुभवर्तमानातला तो भाग वाचा. तीन-चार ओळींचा असतो. उलट क्रमाने गेलात तर चित्र फक्त वचनाचं उदाहरण होऊन बसतं.

विद्यार्थी इथे आंजेलो द फोन्सेका यांचं नाव काढतात. मूळचे गोव्याचे, पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून त्यांनी साडी नेसलेली मरिया काढली. दोघांनी बायबल आपल्या मातीत आणलं हे खरं, पण वाट वेगळी. फोन्सेकांना युरोपातून आलेला चेहरा मुद्दाम बदलायचा होता, तो त्यांचा विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. स्पेन्सरला काही बदलायचं नव्हतं. त्याच्या दृष्टीने ते कुकममध्येच घडलं होतं.

आता हाताच्या कामाबद्दल, कारण तुम्ही स्वतः चित्र काढता असं लिहिलंय. स्पेन्सर मोठं चित्र कसं करायचा? आधी कागदावर छोटं पेन्सिल ड्रॉइंग, बहुतेक आठवणीतून. मग त्यावर ग्राफ मारायचा आणि त्याच प्रमाणात कॅनव्हासवर ग्राफ मारून पेन्सिलनेच सगळं उतरवायचं. आपल्याकडे सिनेमाचे बॅनर रंगवणारे हेच करायचे. मग बारीक ब्रश आणि पातळ रंग घेऊन एकेक भाग रंगवत, तो पूर्ण करूनच पुढे सरकायचं. आम्ही कॉलेजात शिकवतो ते याच्या अगदी उलटं: आधी सगळ्या कॅनव्हासवर पातळ टोन टाका, प्रकाश-छाया बसवा, मग तपशील. त्या पद्धतीत चित्रकार सुरुवातीलाच ठरवतो की कुठला भाग महत्त्वाचा आणि कुठला सावलीत जाणार. स्पेन्सरच्या पद्धतीत तो निर्णयच घेता येत नाही. आज समोर गवत आहे तर गवत. उद्या चेहरा येईल तेव्हा चेहरा. मी म्हणालो ना की श्रद्धा रीतीत आहे, ती ही. यात तोटाही आहे. चित्रभर एकच सूर राहतो, डोळ्याला विसावा मिळत नाही, आणि काही चित्रांत त्याने जीव गुदमरतो. त्याची निसर्गचित्रं लोकांना फार आवडायची आणि पोट त्यांच्यावरच चालायचं. जुन्या बाबागाडीत ईझल आणि कॅनव्हास टाकून तो गावभर फिरायचा. पण मनातून त्याला ती कामं मोठ्या चित्रांपासून वेळ खाणारी वाटत.

वर्गात मी मुलांना ‘रेझरेक्शन, कुकम’चा एक वीतभर तुकडा द्यायचो, येशूचा नाही, थडग्याच्या कडेच्या गवताचा. ग्राफ मारून, मोठा करून, दोन नंबरच्या ब्रशने करायचा. दोन दिवसांत मुलं कंटाळायची. चौथ्या दिवशी एखादी मुलगी येऊन सांगायची, सर, यात प्रत्येक पातं वेगळ्या दिशेला आहे. तुम्हीही हे करून पाहा.

आणि कधी इंग्लंडला जाणं झालंच तर टेटच्या आधी कुकमला जा. ज्या वेस्लियन चॅपेलमध्ये तो आईबरोबर जायचा, तिथेच १९६२ पासून स्टॅन्ली स्पेन्सर गॅलरी आहे. ती बाबागाडी तिथे आहे. आणि ‘ख्राइस्ट प्रीचिंग ॲट कुकम रिगॅटा’ तिथे आहे, त्याचं शेवटचं मोठं चित्र, ज्यावर तो मृत्यूपर्यंत, म्हणजे डिसेंबर १९५९ पर्यंत काम करत होता. नदीवरच्या नौकाशर्यतीचा दिवस, गर्दीने भरलेल्या होड्या, आणि जुन्या तराफ्यावर वेताच्या खुर्चीत बसून, डोक्यावर स्ट्रॉ हॅट घालून, पुढे झुकून उपदेश करणारा येशू. चित्र अपुरं राहिलं. जिथे रंग पोचलाय तिथे कपड्यांची ठिगळंसुद्धा पूर्ण आहेत. जिथे पोचला नाही तिथे पांढऱ्या कॅनव्हासवर पेन्सिलच्या रेषांत माणसं बसली आहेत, टोप्या घालून, होड्यांतून माना वळवून, आपली पाळी येण्याची वाट पाहत.